पायलच्या वतीने हजर

रविवार, ९ नोव्हेंबर
पायलला सातवा लागला. तिचं नाव जिथे घातलंय त्या मॅटर्निटी होमच्या वरच्या हॉलमध्ये आजपासून गर्भवतींचा क्लास सुरू झाला. दर रविवारी सकाळी. साधना मॅडम म्हणून फिजिओथेरपिस्ट आहेत, त्या घेतात. फळ्यावर लिहिलं होतं, 'पतींचेही स्वागत'. अख्ख्या पांढरकवड्यातून ते स्वागत स्वीकारायला आलेला पती मी एकटाच.
पत्नी मात्र नव्हती. पायल एसटीत कंडक्टर. सध्या डेपोने तिला गाडीवरून काढून चौकशीच्या खिडकीत बसवलंय, पण रविवारची ड्युटी काही सुटत नाही. हरकत नाही. मी फिजिक्सचा लेक्चरर आहे. सकाळी मी शिकणार, संध्याकाळी तिला शिकवणार. हजेरीच्या कागदावर सही केली: 'पायलच्या वतीने, इंद्रजित'.
संध्याकाळी लगेच शिकवायला घेतलं. श्वसनाचे महत्त्व. पहिल्याच मुद्द्याला ती झोपली. पण झोपेत श्वास अगदी बरोबर घेत होती. म्हणजे थोडं पोचलं.

रविवार, १६ नोव्हेंबर
आज कुशीवर झोपण्याचं प्रात्यक्षिक. सगळ्या बायका चटईवर आडव्या. मीही. डावी कूस, गुडघ्यांमध्ये उशी. शेजारच्या बाईंनी चटई ओढून भिंतीपाशी नेली. मग त्यांच्या पलीकडच्या बाईंनी. थोड्या वेळाने माझ्याभोवती नुसतं मैदान. आपल्याकडे पुरुषाने काही शिकायचं म्हटलं की हे असं!
नंतर मॅडमनी बाजूला घेतलं. म्हणाल्या, सर, पुढच्या वेळी मिसेसना आणा, तुम्ही एकटे येऊन तसा उपयोग नाही. माझी प्रगती बाकीच्यांच्या पुढे चाललीय हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसतं.

मंगळवार, २ डिसेंबर
चिडचिड. पायल ड्युटीवरून आली ती पाय सुजवून. म्हणाली, जरा दाबून द्या. मी म्हटलं, आधी सूज का येते ते समजून घे. घरात फळा नाही म्हणून फ्रिजच्या दारावर मार्करने आकृती काढली. हृदय, शिरा, गुरुत्वाकर्षणाचा बाण. वळून बघतो तर बाई पाय कोमट पाण्याच्या बादलीत घालून मोबाइल बघतायत.
मार्कर परमनंट निघाला. त्यावरून वेगळं ऐकून घ्यावं लागलं.

शनिवार, १३ डिसेंबर
आज तिची सोनोग्राफी. नेमका त्याच वेळी 'बाप आणि बाळ: नात्याची सुरुवात' हा ऑनलाइन वेबिनार. तिला समजावलं की सोनोग्राफी पुन्हा होईल, वेबिनार एकदाच आहे. ती एकटी गेली. आल्यावर म्हणाली, बाळाने हात असा तोंडापाशी नेला होता, डॉक्टरांनी दाखवला. मी म्हटलं, बरोबर, वेबिनारमध्ये हेच सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली.
वेबिनारमध्ये मध्येच रेंज गेली. नात्याची सुरुवात कळली, पुढचं राहिलं.

रविवार, २१ डिसेंबर
मेथी निवडता निवडता पायल एकदम म्हणाली, मले भेव वाटून राह्यलं. मी विचारलं, काहून? म्हणाली, काहून म्हणजे काय, वाटते.
हा मुद्दा मी क्लासमध्ये पक्का केलेला होता. सांगितलं, भीती वाटली की स्नायू आवळतात, स्नायू आवळले की कळा जास्त दुखतात, म्हणून भीती बाळगणं चूक आहे. दोन उदाहरणं दिली. एक स्प्रिंगचं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, बरं.
भीतीचा विषय संपवला. एका बैठकीत.

सोमवार, २२ डिसेंबर
पायलने आईला फोन करून बोलावून घेतलं. कशासाठी, कळलं नाही.

शुक्रवार, २६ डिसेंबर
सासूबाई आल्या. मथुराबाई. झरी जामणीकडच्या गावाहून. सोबत तीळ, डिंक आणि एक जिवंत कोंबडी. कोंबडी बाल्कनीत माझ्या योगा मॅटवर.
सासूबाईंनाही या प्रक्रियेत सामील करून घ्यावं म्हणून मी आजवर शिकलेलं सगळं सांगितलं. त्या तोंडावर पदर धरून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, मंग जावईबापू, बाळंतपण तुमीच करता का? मायलेकी इतक्या हसल्या की पायलला धाप लागली. धाप लागल्यावर श्वास कसा घ्यायचा हे मी सांगू लागलो तर आणखी हसल्या.
या घरात गंभीर माणसाला जागा नाही.

रविवार, ४ जानेवारी
पायलची रजा सुरू. अखेर ती क्लासला आली. सासूबाईही आल्या. जुना विद्यार्थी म्हणून मी दोघींना पुढे नेऊन बसवलं. पायलने चटईवर पाय पसरले आणि पहिल्याच तासात सगळ्या बायकांशी दोस्ती. मला जे प्रश्न कधीच विचारले नाहीत ते मॅडमना विचारत होती. मी तिला हळूच उत्तरं सांगत होतो. मॅडम म्हणाल्या, सर, तुम्ही दाराजवळ बसता का? उजेड चांगला आहे तिथे.
मग मॅडमनी प्रत्येकीला विचारलं, प्रसूतीच्या वेळी आत सोबत कोण थांबणार? मी उठून उभा राहिलो. पायलने आईचं नाव सांगितलं.
येताना ऑटोत विचारलं, मी काहून नाही? म्हणाली, तुमी लय बोलता. मले तिथं बोलणारा नाही पाहिजे.
हार्मोन्स. या काळात अशी विधानं मनावर घ्यायची नसतात. मी घेतलेलं नाही. रात्री जेवलो नाही, पण ते ॲसिडिटीमुळे.

रविवार, ११ जानेवारी
क्लासला गेलो नाही. मायलेकी गेल्या. मॅडमनी माझी चौकशी केली का विचारलं. पायल म्हणाली, हाव, म्हणत होत्या आज बरं वाटलं. आज बरं वाटलं म्हणजे कोणाला, ते विचारायला नको होतं. विचारलं.

गुरुवार, २९ जानेवारी
अक्षर नीट येत नाही.
घाटंजीच्या कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षेला एक्स्टर्नल म्हणून गेलो होतो. पायलचा फोन. कळा येऊन राह्यल्या वाटते. मी डोकं शांत ठेवलं. म्हटलं, पहिलं बाळंतपण आहे, भरपूर वेळ असतो, घाबरून धावायचं नाही, आधी खरी कळ आणि खोटी कळ यातला फरक ऐक. लॅबच्या दारात उभा राहून नीट समजावत होतो. आत मुलं वहीत वाट्टेल ती रीडिंग लिहीत होती. अर्ध्यातच पायल जोरात किंचाळली आणि फोन कट.
मग सासूबाईंचा फोन. म्हणाल्या, जावईबापू, आमी निंघालो ऑटोनं. तुमी तुमचं सांगून झालं की या.
मोटरसायकल कशी आणली ते आठवत नाही. दवाखान्यात पोचलो तर सासूबाई बाहेर, बाकावर, पदरात तोंड खुपसून. म्हटलं, काय झालं? म्हणाल्या, काई नाही झालं, पण माह्या लेकीचं मले पाहवत नाही. सिस्टर दारात येऊन ओरडल्या, कोण येतंय आत, ती एकटी आहे.
मी गेलो.
पायलचा चेहरा ओळखू येईना. मी सुरू केलं, पायल, नाकाने श्वास घे, तोंडाने...
चूप! हात पकडा फक्त.
पकडला. तिने असा दाबला की अंगठी बोटात रुतली. बोलायचं म्हटलं तरी काही नव्हतं. सगळं शिकलेलं साफ. स्प्रिंग नाही, आकृती नाही, काही नाही. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. तिला वाटत असलेलं भेव मला दिसत होतं. मेथी निवडताना तिने जे सांगितलं होतं ते हे. मग तिने मान मागे टाकली, आणि डॉक्टर म्हणाल्या, आलं, आलं.
मुलगी.

शुक्रवार, ३० जानेवारी
दोघी बऱ्या आहेत. काल काही ओळी भावनेच्या भरात लिहिल्या गेल्या. एकंदरीत पाहता, इतकी पूर्वतयारी होती म्हणूनच प्रसूती सुरळीत झाली. सिस्टरनी मला मध्येच तोंड धुऊन या म्हटलं ते घामामुळे. डोळ्यांतूनही घाम येतो.

रविवार, १५ मार्च
साधना मॅडमचा मेसेज, माझ्याच मोबाइलवर. नव्या बॅचला अनुभव सांगायला याल का? हे होणारच होतं. 'प्रसूतीत पतीचे नेतृत्व' या विषयावर भाषण तयार केलं. शर्टाला इस्त्री. मग दुसरा मेसेज: पायलला विचारा, तिचा नंबर लागत नाही.
पायल गेली. सव्वा महिन्यानंतर पहिल्यांदा साडी नेसून, आईला घेऊन. पोरगी माझ्याकडे.
दार लागलं तशी रडायला लागली. खांद्यावर घेतली, रडली. मांडीवर घेतली, रडली. लंगोट बदलला, उलटा बसला, पुन्हा बदलला. भाषणाचा सुरुवातीचा भाग वाचून दाखवला, त्यावर तर फारच रडली. पायलला फोन केला, बंद. शेवटी थकून भिंतीला टेकून नुसता बसलो, तोंड मिटून. ती छातीवर झोपून गेली. इस्त्रीच्या शर्टावर दुधाची उलटी. हलायची सोय नाही.
पायल आली. पोरीला उचलून घेतलं. मी विचारलं, माझ्याबद्दल काय सांगितलं?
म्हणाली, सांगितलं, नवरा आत होता.
मी म्हटलं, आणि?
आणि काय? नवरा आत होता.