छत, पाणी, छत, पाणी

४ जून

बसून लिहितेय, छातीला उशी धरून. पाठ टेकवता येत नाही. दोन बरगड्यांना तडे, फुप्फुसाला मार. दहा मीटरवरून पाण्यात उतरले ती सरळ पाठीवर. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे उडीचं नाव काढायचं नाही. मी म्हटलं, नाव काढेन, उडी मारणार नाही. त्यांना हसू आलं, आईला नाही आलं.

आई दारात उभी राहून एकच वाक्य बोलते. "बास झालं आता." दादाचं वेगळंच. "उंचावरून पाणी म्हणजे काँक्रीट असतं, मी व्हिडिओत बघितलंय." ह्याला पोहता येत नाही. कमरेएवढ्या पाण्यात कठडा सोडत नाही, आणि मला पाणी शिकवतोय.

पण ते चालेल. उड्या शिकवणारे मास्तर बोलले ते नाही चालणार. मला बाहेर काढलं, श्वास येईना, आणि कानाशी येऊन म्हणाले, "घाबरलीस, बेडके. होतं असं."

मी घाबरले नव्हते. इथं लिहून ठेवते. घाबरले नव्हते!

७ जून

काँक्रीट-बिंक्रीट काही नसतं. दादाला सकाळी चहा पिताना सांगितलं. दहा मीटर खाली येईपर्यंत माझा वेग तुझ्या स्कूटरच्या पन्नासाएवढा होतो. पाण्याला बाजूला सरायला वेळ लागतो, एवढीच गोष्ट आहे. हात पुढं करून सुईसारखी गेले तर थोडंच पाणी सरायला लागतं, ते वाट देतं, मी दोन पुरुष खोल जाऊन हळूहळू थांबते. आडवी पडले तर अंगाखालच्या सगळ्याच पाण्याला एकदम सरायचं असतं. त्याला ते जमत नाही. मग तोच वेग वीतभर अंतरात संपतो, आणि तो माझ्या बरगड्यांत संपतो.

"म्हणजे काँक्रीटच ना," दादा म्हणाला.

गाढवापुढं वाचली गीता.

११ जून

मास्तर घरी आले. आईनं खुर्ची दिली, तर टोकावर बसले. त्यांची मान डावीकडं वळत नाही, म्हणून माझ्याशी बोलायला सगळं अंग वळवतात. ती मान कशी गेली ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे. दर वर्षी नव्या पोरांना ते स्वतःच सांगतात: तरुणपणी दहा मीटरवर माझं धैर्य गेलं, पडलो, पुन्हा वर चढलो नाही. भीती लपवू नका, माझ्याकडं बघा. पोरं गप्प होतात. मीही झाले होते तेव्हा.

आज तेच औषध मला. "तुझं नाव आता स्पर्धेत तीन मीटरला घालतो. मन ताळ्यावर आलं की बघू."

मी म्हटलं, "मास्तर, भ्यालेला माणूस लवकर उघडतो की उशिरा?"

हवेत गोळा होऊन फिरताना अंग सरळ करणं, त्याला आम्ही उघडणं म्हणतो. भ्यालेला कधीही लवकरच उघडतो. त्याला सुटायची घाई असते, मग तो पोटावर पडतो. हे त्यांनीच शिकवलंय. मी पाठीवर पडले. म्हणजे उशिरा उघडले. मी पाण्याची वाट बघत होते आणि ते आलंच नाही!

"तोंड चालतंय म्हणजे बरगड्या जुळतायत," असं म्हणून उठले.

१९ जून

सापडलं!

बाथरूममध्ये बादली भरून ठेवली होती. वाकता येत नाही म्हणून उभ्यानंच खाली बघत होते. बादलीत पाणी नव्हतंच. वरची ट्यूबलाइट होती आणि बादलीचा तळ होता. मधलं पाणी गायब. बोट बुडवलं, ट्यूब थरथरली, आणि पाणी दिसायला लागलं.

फिरताना मी मोजत नाही, बघते. छत, पाणी, छत, पाणी. दुसऱ्यांदा पाणी दिसलं की उघडायचं. जुना तलाव उघड्यावर होता, वाऱ्यानं पाणी कधी स्थिर नसायचं. यंदा आम्ही नव्या बंद हॉलमध्ये आलो. वारा नाही, वरती दिव्यांच्या रांगा. पाण्यावर तुषार उडवणारा पंप आहे, पण लादी ओली होते, पोरं घसरतात म्हणून तलावाचे काका तो बंदच ठेवतात. म्हणजे त्या दिवशी मला वर दिवे दिसले, खाली दिवे दिसले. छत, छत, छत. पाणी कधी येतंय म्हणून थांबले, तोवर उशीर झाला.

दुपारभर बादलीशी बसले. आई म्हणाली, "डोक्यालाही मार लागलाय का बघायला हवं."

२ जुलै

शिंकले. आई गं.

१८ जुलै

डॉक्टरांनी सोडलं. तडक हॉलवर. काकांना म्हटलं, पंप लावा. काका म्हणाले, मास्तरांना विचार. मास्तर सगळ्या पोरींसमोर म्हणाले, "पाणी मऊ करून हवंय का बेडकीला?"

हसल्या सगळ्या. मी तापले. तुषारांनी पाणी मऊ होत नाही! तेवढ्या थेंबांनी कुणाची बरगडी वाचत नाही. ते डोळ्यांसाठी असतात, पाठीसाठी नाही. हे बोललेही, पण चिडून बोललेलं खरं असलं तरी रडगाणंच वाटतं.

मास्तर एवढंच म्हणाले, "निवड ऑगस्टमध्ये आहे. दहाला नाव हवं असेल तर सगळ्यांसमोर एक उडी. पंपाशिवाय."

२४ जुलै

चढले. वरून खाली बघितलं. तळाच्या फरशा दिसत होत्या, दिव्यांच्या रांगा दिसत होत्या. पाणी नव्हतं.

आमच्यात एक नियम आहे, कुठं लिहिलेला नाही: दहावर चढलेला पायऱ्यांनी उतरत नाही. उतरलाच तर त्याचं संपलं. पुढं त्याला कुणी चिडवतसुद्धा नाही, इतकं संपलं. आठ वर्षांत मी दोघांनाच उतरताना बघितलंय. दोघंही पुन्हा आले नाहीत.

खाली सगळे माना वर करून. मास्तर ओरडले, "मार! एकदा मारलीस की भूत उतरेल!"

मारली असती. पाय पुढं गेलेही होते. उडी मारून दाखवायची खुमखुमी मला कुणापेक्षा कमी नाही. पण मग वाटलं, ही उडी पाण्यासाठी नाही, यांच्या तोंडांसाठी आहे. आणि पडले तर म्हणणार, बघा, घाबरली होती. उभी गेले तर म्हणणार, बघा, पंप लागत नव्हता. दोन्हीकडून मीच खोटी.

वरूनच सांगितलं, मोठ्यानं. "मी घाबरलेली नाही. मला पाणी दिसत नाही. दिसेल तेव्हा मारेन." आणि पायऱ्यांनी उतरले. एकेक पायरी, सावकाश, मान वर.

कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं. रस्ताभर रडले. राग राग झाला नुसता.

२५ जुलै

दादानं बाथरूममध्ये जाऊन बादली बघितली. बराच वेळ. बाहेर येऊन म्हणाला, "च्यायला, खरंच दिसत नाही की." आई म्हणाली, "आता दोघं."

२९ जुलै

काकांचा फोन. "लवकर ये, मास्तर वर चढलेत."

धावत गेले. हॉलमध्ये आम्ही तिघंच. मास्तर दहाच्या टोकाला, कठड्याला दोन्ही हातांनी धरून. पंचावन्नाच्या पुढचा माणूस, मान न वळणारा, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वर. मला वाटलं, मला लाजवायला चढलेत. उडी मारतात की काय! मी खालून हाक मारली. मग हळूच खाली बसले, पाय दुमडून, लहान पोरासारखे, आणि विचारलं,

"बेडके, पाणी सुरू कुठं होतं गं?"

मी काठावर वाकून पाण्यावर हात मारला. लाटा गेल्या पार पलीकडं.

मास्तर बघत राहिले, लाटा विरेपर्यंत. मग पायऱ्यांनी उतरले. सरळ पंपाच्या खोलीत गेले. घरघर सुरू झाली, तुषार पडायला लागले, लादी ओली झाली, काकांनी होऊ दिली.

मी चढले. छत, पाणी, छत, पाणी. उघडले. सुईसारखी गेले, दोन पुरुष खोल. वर आले तर काका टाळ्या वाजवत होते. मास्तर निघून गेले होते.

३० जुलै

मास्तरांचा सकाळीच फोन. दहाला नाव घातलंय म्हणाले. मला वाटलं, आता फोन ठेवतील.

मग म्हणाले, "माझी मान गेली त्या दिवशी वारा नव्हता गं. तलावात नुसतं आभाळ होतं. मीही पाठीवरच पडलो होतो."