गाळलेल्या तीन ओळी

श्रीवर्धन, मंगळवार, संध्याकाळ

दुपारी मामेभाऊ संदेशचा फोन आला. बंदरावरच्या लोकांसाठी त्याने मोबाइलवर भरतीची वेळ दाखवणारं पान बनवलंय. आज सकाळी नवी माहिती आलीच नाही, आणि पान कालचीच, म्हणजे जवळजवळ तासभर आधीची वेळ दाखवत राहिलं. मामांची होडी खाडीच्या तोंडाशी गाळात रुतली. पाणी चढल्यावर निघाली.

"ताई, कोड मी तुझ्या उदाहरणातूनच उतरवला होता," एवढंच म्हणाला.

त्याचं पान ज्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चालतं, त्याच्या डॉक्युमेंटेशनमधलं ते उदाहरण मीच लिहिलेलं. माहिती आली नाही तर काय करायचं, हे सांगणाऱ्या तीन ओळी मी मुद्दाम गाळल्या होत्या. सुटसुटीत दिसावं म्हणून. कोणासाठी सुटसुटीत?

लगेच त्या तीन ओळी घालून दुरुस्ती पाठवली. त्या सॉफ्टवेअरमधले बदल तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "उदाहरण लांबत नाही का?" मी लिहिलं, "लोक ते जसंच्या तसं उतरवतात." त्यांनी मान्य केलं. होडीचं मात्र मी त्यांना लिहिलं नाही. लाज वाटली असावी.

मग मामांना फोन करून सांगितलं, चूक माझी होती.

मामा म्हणाले, "सकाळी मी संदेशला नको नको ते बोललो. पन त्यानं तुझं नाव न्हाय घेतलं."