कडी त्यांनी लावली

१६ जून २०१४, विद्यानगर
कॉलेजच्या तक्रार समितीवर बाहेरची सदस्य म्हणून मला घेतलं ते शोभेला. निवृत्त बाई, इंग्रजी बरं. आज पहिली तक्रार आली. मुलगी अंबरपेठेची, घरचे मूळ नांदेडकडचे. नाव इथेही लिहिणार नाही. लॅबमध्ये सरांनी आतून कडी लावली, ओढणी खेचली, धरून ठेवलं. सांगताना रडली नाही. जबाब मी इंग्रजीत उतरवला. तिने न वाचता सही केली. "तुम्ही लिहिलंय ना, आंटी."

१९ जून
बैठक. प्राचार्य कागद वाचून हसले. "अनुचित वर्तन? आवाज चढवला असेल, मॅडम."
कागदावर कडी नाही, ओढणी नाही. मीच गाळलं! कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची सभ्यता, साठीतही हाताला चिकटलेली. लाज वाटली.
वर म्हणे, "आंध्र वेगळं झालं, कर्मचाऱ्यांची वाटणी चाललीय. सरांचं नाव आंध्राच्या यादीत आहे. प्रश्नच मिटला."
"तिकडे मुली शिकत नाहीत?" चहा तसाच ठेवून उठले.

२० जून
अंबरपेठ. माफी मागितली. आई म्हणाली, "कशाला वाढवता, बाई? पोरीचं नाव खराब होईल."
मुलगी : "त्यांचं होऊ दे की!" मग माझ्याकडे वळून, "कडी का नाही लिहिली, आंटी?"
पिशवीतून कोरे कागद काढून तिच्यापुढे ठेवले.
नवा जबाब तिनेच लिहिला. थोडं इंग्रजी, थोडं तेलुगू. मी पेनाला हात लावला नाही. कडी तीनदा आली.

२३ जून
नव्या जबाबाची पोच मागितली. कारकून म्हणाला, "जुन्या राज्याचा शिक्का चालत नाही, नवा आलेला नाही."
"हाताने लिहा. तारीख घाला." बाकावर बसून राहिले. जेवणाच्या सुट्टीनंतर दिली.
प्राचार्य दारात : "मुलींना एक व्याख्यान द्या ना, सावध कसं राहावं."
"देते. पहिल्या रांगेत मुलगे आणि तुमचा स्टाफ बसवा." त्यांना अचानक फोन आला.

२६ जून
उद्या अकराला चौकशी. सरांना आंध्रात जायला कार्यमुक्त करायचा आदेशही उद्याच निघणार म्हणे. आधी काय होतं, बघू.
मुलीचा फोन. "मीच वाचणार. तुम्ही बाजूला बसा. मध्ये बोलू नक्को."
मला! तरी हो म्हटलं.
"आणि एक झेरॉक्स जास्त काढा, आंटी. सर जातील त्या कॉलेजच्या समितीला."
काढली. पाकिटात घातली. पत्त्याची जागा तेवढी कोरी आहे.