जास्वंदीच्या चादरीचा बॉयलर सूट

मु. वरसे, रोहा
वैशाखातली भर दुपार

आदरणीय बाबाजीदादांना काळुरामचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे काय म्हणतात? वहिनींचा खोकला उतरला का? तुमच्या पेणच्या कारखान्यात यंदाच्या गणपतींना रंग चढायला लागला असेल. आम्ही इकडे खुशाल आहोत, फक्त उकाड्याने शिजून निघालो आहोत (नदी एवढी जवळ, पण वाऱ्याच्या बाबतीत तिचा काही उपयोग नाही). फोन सोडून पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल. दादा, फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो. पत्रात ते उलटं होतं, आणि आजचा मजकूर मध्ये "अरे पण" न येता पुरा होणं गरजेचं आहे.

तुमच्या नाथाच्या हळदीला तुमच्या बहिणीने तुमच्याकडे आईंची शिलाई मशीन मागितली होती, ते तुम्हाला आठवत असेल. (तीच मशीन, जिच्यावर आईंनी अख्ख्या आळीच्या पोरांची झबली शिवली आणि जिच्यावर सध्या तुमच्या गणपतींच्या सोंडा वाळतात.) तुम्ही भर मांडवात म्हणालात, "तुला काय करायचीय गो मशीन, हौसा? तुला रुमालाला टाका घालता येत नाय. आधी स्वतः शिवलेलं कायतरी अंगावर घालून माझ्या दारात ये, मग ने उचलून." मंडळी हसली. मीही हसलो, कारण जेवण तुमचं होतं. हौसा हसली नाही. "व्हय, येते," एवढंच म्हणाली. माझे कान कसे आहेत तुम्हाला ठाऊक आहे. ते "येते" ऐकलं आणि मी ओळखलं की यंदाचा उन्हाळा सरळ जायचा नाही.

साधा परकर शिवून आणला असता तरी तुमची अट पुरी झाली असती. पण त्याच आठवड्यात पुण्याहून लेकीचा फोटो आला, अंगात एकसंध कपडा, वर बंडी, खाली पायजमा, मध्ये जोड दिसत नाही. लेक त्याला जंपसूट म्हणते. मी म्हटलं, हा तर बॉयलर सूट, यात माझं सगळं तरुणपण गेलं, फक्त आमच्यावर फुलं नव्हती. हौसा मात्र फोटो जवळ घेऊन, लांब धरून बघत राहिली. तिचं म्हणणं, गच्चीवर पोह्याचे पापड घालताना पदर पिठात जातो आणि निऱ्या पायात येतात, त्याला हा कपडा चांगला. "आता हाच शिवते," म्हणाली. मी मान डोलावली. (अशा वेळी मान डोलावूनच मी धंद्यात वर आलो आहे.)

दुसऱ्या दिवशी माझ्या फॅब्रिकेशनच्या शेडवरून जेवायला घरी आलो, तर मी स्वतः जमिनीवर पसरलेला होतो. एक पाय खिडकीशी, एक देवघराशी, छाती पलंगाखाली. कंपनीत हेल्पर होतो तेव्हाचा माझा बॉयलर सूट, जो मी ट्रंकेत जपून ठेवला होता, तिने ब्लेडने टाका न टाका उसवून सपाट केला होता, आणि त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवत होती. राग यायला हवा होता, पण मी ताट घेऊन तिथेच भिंतीशी बसलो. दादा, सपाट पत्र्यातून गोल टाकी उठवायची, हे माझं रोजचं काम. हा कपडा म्हणजे एक टाकी, वर दोन पाइप, खाली दोन पाइप. त्यातले खालचे दोन जिथे टाकीला भेटतात, तिथे भल्या भल्या फॅब्रिकेटरचा खडू अडतो. हौसाने तिथे कात्री घातली आणि कैरीच्या पाठीसारखा बाक एका दमात कापला. कात्री कुठेही थांबल्याचा आवाज आला नाही. माझा घास हातात राहिला.

पहिला नमुना तिने घरातल्या जास्वंदीच्या फुलांच्या चादरीचा केला. माप माझं, त्यामुळे त्यात दोन हौसा मावल्या असत्या. (त्या नमुन्याचं पुढे काय झालं, ते आत्ता सांगत नाही.) मग तिने कागद चारी बाजूंनी बारीक केला, बाजारातून आकाशी सुती कापड आणलं आणि शेजारच्या श्यामलाताईंची हातमशीन मागून आणली. ती मशीन रिकामी आहे तोवर आपली. ताईंना आठवण झाली की अर्ध्या शिवणीतून उचलून परत.

दुसरा नमुना उभ्याने असा बसला की मी चहा उकळत ठेवल्याचं विसरलो. मग हौसा पापड लाटायला पाटावर बसली, आणि मी फाटकापाशी असताना मला "चर्र" ऐकू आलं. माप उभ्याचं घेतलेलं. टाकी कधी बसत नाही, त्यामुळे हा प्रश्न माझ्या धंद्यात आजवर आला नव्हता. मला वाटलं, आता संपलं, मशीन राहिली पेणलाच. ती उठली, साडी नेसून आली, पुन्हा पाटावर बसली आणि टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन म्हणाली, "धरा. आता बसल्याचं घेऊ." कंबर उसवली, मध्ये चार बोटं पट्टी घातली, मागचा भाग नवा कापला, आणि पुढे माझ्या जुन्या बॉयलर सूटची पितळी चेन लावली. शेवटची शिवण चालली होती तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो. मशीनचा आवाज एकदाही अडखळला नाही. असा आवाज मी आईंच्या मशीनचा ऐकला होता, हौसाला बघायला तुमच्या घरी आलो होतो तेव्हा.

काल सकाळभर ती त्या कपड्यात गच्चीवर वाकली, बसली, उठली, पापड घातले. आयुष्यात मी कारखान्यांच्या चिमण्या उभ्या केल्या, माझी स्वतःची शेड उभी केली. पण दुकानात गठ्ठ्यात पडलेलं कापड उठून चालायला लागलेलं कधी पाहिलं नव्हतं. जिन्यात डबा धरून मी किती वेळ उभा होतो, सांगता येणार नाही.

तुम्ही दिलेला शब्द विसरणारे नाही, म्हणून अधिक लिहीत नाही. वहिनींना नमस्कार, नाथाच्या जोडीला आशीर्वाद.

तुमचा
काळुराम

ता. क. हे पत्र टपालात न टाकता हौसाबरोबर पाठवतो आहे. म्हणजे ती आत्ता तुमच्या समोर उभी आहे. मान वर करून एकदा नीट बघा. बसायला पाट द्या, आता ती बसते. मशीनवरच्या सोंडा मात्र तुमच्या हाताने उचला.

ता. क. २. टेम्पो वाटेत निडीजवळ तापला म्हणून थांबलोय, तेवढ्यात हे लिहितो. मशीन जड, तुमचे गुडघे असे. खरं म्हणजे उचलायला मी आत यायला हवं. पण आज सकाळी निघताना एवढी धीट बाई उंबऱ्यातच थांबली. "पेणच्या बाजारातून मी एकटी अशी नाय जायची. लोक हसतील. तुम्ही पण घाला, मग येते." पहिला नमुना माझ्या मापाचा होता, हे वर लिहिलंच आहे. बसतो मात्र झकास, खांद्याला कुठे ओढत नाही. तर मी तुमच्या दाराबाहेर टेम्पोत असेन, काचा वर करून.

ता. क. ३. म्हणून एवढं करा. मशीन झाकायला म्हणून एक मोठी चादर घेऊन लवकर बाहेर या. साधी. फुलं नसलेली.