मोरावळ्याचे आठ दिवस

आबा, आज माझ्या दवाखान्यात एका बाईनं विचारलं, "म्याडम, लेकराला रोज आवळा दिला तर सर्दी व्हायची न्हाय ना?" मी नेहमीचं उत्तर दिलं. क जीवनसत्त्व नेमानं घेतलं तर सर्दीचा मुक्काम जरासा कमी होतो, पण सर्दी टळते असं काही अभ्यासांत दिसत नाही. आणि आवळ्याचा म्हणून वेगळा पुरावा फारच थोडा. बाई हिरमुसली, आणि मला तुम्ही आठवलात.

थंडी पडली की पळसदेवच्या घरी मोरावळा तुम्हीच करायचात, आईला पातेल्याला हात लावू द्यायचा नाहीत. सकाळी माझ्या तोंडात चमचाभर घालायचात आणि लगेच गवत आणायला पिटाळायचात. आवळा देऊन कोहळा काढण्यात तुमचा हात कोण धरणार? बांधावरचा पेरू मात्र होळीपर्यंत बंद, का तर त्यानं सर्दी होते. पेरूतही क जीवनसत्त्व भरपूर असतं, हे मी डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकून आले आणि पाहुण्यांसमोर तुम्हाला सुनावलं, "पुराव्याशिवाय बोलत जाऊ नका." तुम्ही बरणीचं झाकण लावलंत. "तू शिकल्याली. आमी काय बोलनार," एवढंच म्हणालात. त्याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर मी या विषयावर तुमच्याशी कधी वाद घातला नाही. मी इथं बारामतीत दवाखाना टाकला, त्याच वर्षीच्या पौषात तुमचा फोन आला. "खोकला हाय जरा. मोरावळा खातोय. चालंल का?" मी म्हणाले, "खा की आबा, त्यानं काही बिघडत नाही." खरंच बिघडत नाही. पण तुमच्या लेखी तो डॉक्टरचा शब्द होता. आठ दिवस तुम्ही ताप अंगावर काढलात. शेजारी गाडी घेऊन आले, तर त्यांना सांगितलंत, "माझ्या लेकीला इचारलंय." तुम्हाला इथं आणलं तोवर दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया पसरला होता. एवढं शिकून मी नुसती तुमचे तळपाय चोळत बसले. दुसरं काही माझ्या हातात उरलं नव्हतं.

वडिलांचं मन राखायला हो म्हणाले, असं मी सगळ्यांना सांगत आले. हे पत्र कुठंच जायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. ताप आहे का, दम लागतो का, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. मला फोन लवकर ठेवायचा होता.