ओठावरचा जर

ता. ११, रविवार

प्रिय वन्सं,

नमस्कार. पत्रात 'विनंती विशेष' लिहायची रीत आहे, पण या खेपेला विनंती खरोखरच आहे, म्हणून ती मागाहून लिहिते. आधी खुशाली.

मी बरी आहे. चष्म्याचं दुकान नेहमीसारखं चालू आहे. मालकांनी नवीन मशीन आणलंय. त्यात हनुवटी टेकवली की डोळ्याचा नंबर आपोआप छापून येतो. मालक स्वतःच येता-जाता हनुवटी टेकवतात आणि दर खेपेला वेगळा नंबर आला की मशीनवर डाफरतात. घरी मोरीचा नळ गळत होता, तो बदलून घेतला. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई बदली होऊन गेल्या, त्यामुळे संध्याकाळी दार वाजवणारं आता कुणी नाही. घर शांत आहे. इतकं की परवा फ्रिजचा आवाज थांबला, तर मी दचकले.

तुमचे फोन मी उचलले नाहीत. मग तुम्ही करायचं सोडलंत, ते योग्यच झालं. आणि ती पेटी. तुमच्या भावाचे कपडे, हत्यारं, घड्याळ, दाढीचं सामान, सगळं एका पेटीत कोंबून कुरियरने तुमच्या दारात टाकलं. वर दोन ओळी खरडल्या नाहीत. माणूस जाऊन वर्षही झालं नव्हतं. तुम्ही काय समजला असाल कोण जाणे.

आता विनंती. तुमच्या भावाला लहानपणी जर मुतायचा का? म्हणजे ताप आला की ओठाच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका. सासूबाई चारचौघांत खुशाल हा शब्द वापरायच्या आणि मी नवी नवरी लाजून चूर व्हायची, आठवतं? लग्नानंतरचं मला ठाऊक आहे. लांबच्या कामावरून थकून यायचा तेव्हा हमखास ओठ सुजलेला असायचा. मला लग्नाआधीचं हवंय. का, ते विचारू नका.

तुमची,
मी

असं लिहून पाकीट चिकटवलं होतं. पुन्हा फोडलं. अर्धवट पत्र पाठवलं तर तुम्ही पेटीसारखं तेही बाजूला ठेवाल. वन्सं, हे दार लावून वाचा.

गेल्या वर्षी मला मांडीच्या आतल्या अंगाला पुरळ उठली. आगआग व्हायची. लाजेपायी दवाखान्यात जायला उशीर केला, तोवर ती मावळत आली होती. डॉक्टर कोवळा मुलगा. म्हणाला, हर्पीस वाटतोय, रक्त तपासू. मी म्हटलं, म्हणजे नागीण ना? तर म्हणे, "नाही मावशी, नागीण वेगळी. ही तिची चुलत बहीण समजा." रिपोर्ट आला. त्यात मला कळेल असा एकच शब्द होता, पॉझिटिव्ह. तो कागदाकडे बघतच म्हणाला, "हा संबंधातून येतो. मिस्टर काय करतात?" म्हटलं, वारले. "बाहेरगावी असायचे का?" लिफ्टच्या दुरुस्तीला जायचे, पंधरा-पंधरा दिवस घरी नसायचे. त्यावर तो नुसतं "हं" म्हणाला.

त्या एका 'हं'ने माझा अख्खा संसार उलटा झाला. माझ्या आयुष्यात दुसरा पुरुष नाही. मग राहिलं कोण? घरी आले आणि त्याच आठवड्यात पेटी भरली.

कुणाला सांगणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दुकानात विचारलं तर नागीण झाली म्हणून सांगून टाकलं. नागीण कशी अब्रूदार बाई. तिचं नाव घेतलं की लोक हळहळतात, खुर्ची देतात, आपल्या आत्याला झाली होती त्याची गोष्ट सांगतात. तिच्या बहिणीचं नाव घेतलं असतं तर खुर्ची पुसून घेतली असती.

मागच्या महिन्यात एक बाई फ्रेम बदलायला आल्या. त्वचेच्या डॉक्टर निघाल्या. मालकांनी माझी नागीण कौतुकाने पुढे केली. बाईंनी विचारलं, कुठल्या बाजूला होती, किती दिवस होती, आणि माझ्या तोंडाकडे बघून हळूच म्हणाल्या, "कागद घेऊन उद्या माझ्याकडे या."

गेले. कागद बघून त्या म्हणाल्या, हर्पीसचे दोन प्रकार. पहिला बहुतेक ओठावर येतो, दुसरा खाली. या तपासणीत दोन्ही एकाच भांड्यात घातलेत, शिवाय ही तपासणी कच्ची, हिच्यावर कुणी संसार मोडत नाही. त्या सहज बोलल्या. मला ती पेटी आठवली.

त्यांनी दोन्ही प्रकार वेगवेगळे तपासायला लावले. पहिला आहे, स्पष्ट आहे. दुसऱ्याचा आकडा रेघेच्या जेमतेम वर. त्या म्हणतात, एवढासा आकडा पुष्कळदा खोटाच निघतो. आता तिसऱ्यांदा, वेगळ्या पद्धतीने तपासायला रक्त दुसऱ्या लॅबला पाठवलंय. त्याची वाट बघतेय. तोवर त्यांनी एक विचारलं, घरात कुणाच्या ओठावर फोड यायचे का? म्हणून तुम्हाला विचारते.

तुमचा भाऊ तसा होता का हो? फोडांचं नाही विचारत आता.


ता. १९

चष्मेवाली,

आशीर्वाद. पत्र वाचून आधी तुला दोन शिव्या हासडल्या. मग चहा केला, पुन्हा वाचलं, तेव्हा दोन कमी पडल्या असं वाटलं.

मुतायचा. चांगला पोटभर मुतायचा. परीक्षा आली की ओठ टम्म. शाळेच्या एका फोटोत सगळी पोरं दात काढून हसतायत आणि आमचा पेंगुळ तोंडावर हात धरून उभा. आईला यायचा, मला अजून येतो. आई तिच्याच पेल्यातलं दूध आम्हाला पाजायची आणि वर पापे घ्यायची. हा रोग असतो, त्याला नाव असतं, हे मला या वयात तुझ्याकडून कळतंय. आमच्या घरात तो नाकासारखा होता, सगळ्यांना एकेक.

आता दुसरं. सबंध पत्रात 'तुमचा भाऊ', आणि वर 'यायचा'. दवाखान्यातलं लिहिताना तेवढा 'जायचे' झालाय, तो त्या पोरापुढे लाज राखायला. इतकी वर्षं 'हे' म्हणत होतीस. माणूस मेला की एकेरीवर येतो हे मला माहीत नव्हतं.

तिसरं, तू शेवटी विचारलंस ते. तू म्हणशील, शपथ घ्या. मी घेणार नाही. पंधरा दिवस परगावी असलेल्या माणसाचं बहिणीला काय कळणार? आणि मी शपथ घेतली तर तू म्हणशील, घरचीच साक्षीदार. मला ठाऊक आहे तेवढं सांगते. त्याला खोटं बोलता यायचं. तू आणलेला तो मोरपंखी शर्ट त्याला अजिबात आवडला नव्हता, आणि तो तुझ्यासमोर वाहवा करायचा. पण काही लपवलं की त्याला झोप लागायची नाही. लहानपणी माझी बाहुली मोडून ठेवली तर तिसऱ्या दिवशी स्वतःच रडत आला, झोप येत नाही म्हणून. असा माणूस मोठेपणी बसायला खुर्ची मिळाली की पेंगायचा. लिफ्टमध्येसुद्धा पेंगायचा. आम्ही काय उगाच पेंगुळ म्हणत होतो? याचा अर्थ काय लावायचा तो तू लाव.

पेटी मी उघडली नाही. मला वाटलं, तू दुसरं लग्न करतेयस. करायला माझी ना नव्हती, पण आधी मला सांगायला हवं होतंस म्हणून चिडले. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते काही तुझ्या एकटीपुरतं नाही.

एक सांगू? त्याच्याबद्दल बोलायला मला तरी कोण उरलंय? आई गेली, तो गेला. या वर्षभरात त्याचं नाव माझ्या तोंडून एकदा निघालं, तेही बँकेत. तू तिथे गप्प, मी इथे गप्प. शोभलं का हे आपल्याला?

तिसरा कागद आला की कळव. काहीही आला तरी कळव.

चिडलेली,
तुझी मोठी नणंद


ता. २, शुक्रवार

प्रिय वन्सं,

नमस्कार. शिव्या पोचल्या. वर्षभरात मला कुणी इतकं मनापासून बोललं नव्हतं, म्हणून पत्र उशाशी ठेवलंय.

तिसरा कागद आला. दुसऱ्या प्रकारापुढे निगेटिव्ह. म्हणजे आता टेबलावर तीन कागद झाले. एक म्हणतो आहे, एक म्हणतो असावा, एक म्हणतो नाही. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, खरा कोणता? त्या म्हणाल्या, "मी तिसरा धरते. दुसऱ्या कागदात तुमच्या पहिल्या प्रकाराचीच सावली पडली असणार." म्हटलं, नक्की ना? तर म्हणाल्या, "अगदी नक्की असं रक्त बघून मी कुणालाच सांगत नाही. पण तुम्ही माझी सख्खी बहीण असता तरी हेच सांगितलं असतं." आणि ती पुरळ? "ती मी बघितलीच नाही. घामाची असेल, साबणाची असेल. आता कोण सांगणार?"

मी त्यांच्याकडे ज्यासाठी गेले होते ते काही मिळालं नाही. मला वाटत होतं, कागद येईल आणि त्यात ह्यांचं नाव लिहून पुढे 'निर्दोष' असा शिक्का असेल. रक्त तसं बोलत नाही म्हणे. काय आहे ते सांगतं, तेही अडखळत. कुणाकडून आलं आणि कधी आलं, ते सांगतच नाही.

घरी येऊन मी रडले. निगेटिव्ह आल्यावर रडणारी मीच असेन. रडले कारण आता मलाच ठरवायचं होतं. ह्यांना विचारायची सोय नाही, आणि जर असं असतं तर, जर तसं असतं तर, यात आधीच एक वर्ष गेलं होतं.

मशीन जो नंबर छापतं त्यावर आम्ही चष्मा बनवत नाही, वन्सं. गिऱ्हाइकाला बसवतो, काचा बदलत विचारतो, हे बरं की आधीचं बरं? मी तेच केलं. संशयाची काच घातली. ह्यांचं एखादा दिवस उशिरा येणं, परगावच्या खोलीतल्या साबणाचा वास, फोन न लागणं, सगळं चपखल बसलं. ती काढून दुसरी घातली. तेच उशिरा येणं, तोच साबण, तोच फोन. तेही चपखल. दोन्ही काचांतून अक्षरं वाचता येतात हीच तर पंचाईत.

पण नुसतं वाचता आलं म्हणून आम्ही काच पास करत नाही. ती घालून दुकानात चार पावलं चालायला सांगतो. चुकीच्या काचेतून वाचता येईल, पण चालताना जमीन खोल गेल्यासारखी वाटते, माणूस भिंत धरतो. वर्षभर मी तशी भिंत धरून चालले. ह्यांची जागा रिकामी होतीच, मी आठवणीही बाहेर काढून टाकल्या. मग घरात बसायचं कुणापाशी? विधवा झाले तेव्हा इतकी एकटी नव्हते.

तेव्हा मी ह्यांना परत घेतलं. पुरावा नाही. तुमच्या पेंगण्याच्या दाखल्यावर घेतलं म्हणा हवं तर. अधूनमधून रात्री तो पोरगा डोक्यात 'हं' म्हणेल, म्हणू दे. पुढच्या रविवारी तुमच्याकडे येऊ का? पेटी दोघी मिळून उघडू. मोरपंखी शर्टाबद्दल मला ह्यांच्याशी बोलायचंच आहे.

पुढचं तुम्ही मोठ्या आहात म्हणून वाचू नका, पण लिहिते. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील. हे कुठल्याशा लांबच्या कामावरून आले, ओठ हा एवढा. तोंडावर टॉवेल धरून म्हणाले, "जवळ येऊ नकोस, तुला होईल." पंधरा दिवसांनी आलेला माणूस, आणि म्हणे जवळ येऊ नकोस. मी टॉवेल ओढून घेतला. म्हटलं, होऊ दे काय व्हायचंय ते. माझ्या ओठावर कधी काही उठलं नाही, म्हणून आम्ही पुढे त्याची थट्टाच केली. पण तेव्हाच आला असणार तो. रक्त सांगत नसेल, मी सांगते.

निघताना डॉक्टरीणबाईंना शेवटचं विचारलं, हा पहिला प्रकार औषधाने कधी जातो? मला वाईट वाटेल अशी त्यांना भीती होती. म्हणाल्या, "तो जात नाही. आत कुठेतरी गप्प बसून राहतो, जन्मभर. फार खटकत असेल तर आपण बघू काही."

मी म्हटलं, राहू दे.

ह्यांची, आणि म्हणूनच तुमची,
चष्मेवाली