कीबोर्ड फ्रेंच कुणी केला?

रेवी,

मी मारायेवर गावजेवणाच्या स्वयंपाकाला जातेय. कुमाराची रताळी उकडून ठेवलीत.

सकाळी लिनक्सच्या कॉम्प्युटरवर ‘ए’ दाबला तर ‘क्यू’ उमटला. कीबोर्ड कुणीतरी फ्रेंच केलाय. घरात आपण दोघंच, आणि “मी त्या यंत्राला हातही लावत नाही,” असं तू कालच म्हणालास. मग ताहितीच्या जावयाला त्याच्या फ्रेंचमधून पत्र लिहितंय कोण? त्याच्यापायी तीन वर्षं तू मुलीशी बोलला नाहीस.

पत्र मी वाचलं नाही, पहिली ओळ तेवढी दिसली. आपल्या हूरियाच्या नावातल्या ‘यू’वर दीर्घ उच्चाराची रेघ नव्हती. मी माओरी कीबोर्डही घालून ठेवलाय. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात तो निवड, मग उजवं ऑल्ट धरून ‘यू’ दाब.

पाठवण्याआधी लेकीचं नाव तेवढं नीट कर.

मेरेआना